पिशवीचं वजन वजा करून

४ नोव्हेंबर

लेक आज सकाळी गेली. चार महिन्यांचं प्रशिक्षण आहे. मधे सुट्टी नाही, आणि मधेच सोडलं तर नोकरीही नाही. जाताना स्वतःची दोन जनावरं आमच्या गळ्यात मारून गेली. शुगर ग्लायडर म्हणतात त्यांना. मुठीत मावेल एवढा जीव, खारीसारखं तोंड, बटबटीत डोळे आणि पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा पडदा. तो पसरून कपाटावरून पलंगावर तरंगत येतात. दिवसभर कापडी पिशवीत झोपतात. आपण आडवे झालो की यांचा दिवस उजाडतो. पिशवी हिने शिवलेली, आणि नावंही लेकीने हिच्या शिवणाच्या डब्यातूनच काढली. नर तो बटण, मादी ती टाचणी.

मी लेकीला म्हटलं, "मला काटे दुरुस्त करता येतात गं, जनावरं नाही."

"बाबा, रोज खायला घाला आणि रोज वजन करा. वजन उतरलं की डॉक्टर गाठा. वजन तरी करता येतं ना तुम्हाला?"

चाळीस वर्षं तराजू दुरुस्त करतोय त्याला हा प्रश्न! ही हसली, आणि हसता हसता खोकत बसली.

वजनं लिहायला लेकीने ही वहीही देऊन ठेवली आहे. मी काही रोजनिशी लिहिणाऱ्यांतला नाही. आकडे मांडीन, बाकी सुचेल ते.

५ नोव्हेंबर

खालच्या दुकानातला पितळी तराजू पुसून घेतला. दोघांना दिवसा झोपेतून उठवायचं नाही, म्हणून पिशवीसकट पारड्यात ठेवायचं ठरवलं. एका वेळी एकच जण पिशवीत. रिकामी पिशवी भरली अडतीस ग्रॅम. तेवढाच शिशाचा तुकडा कानस मारून तयार केला, तो दुसऱ्या पारड्यात आधीच टाकायचा. याला आम्ही धडा करणं म्हणतो. मग जे भरेल ते निव्वळ जनावराचं.

बटण ११९. टाचणी ९६.

ही म्हणाली, "सोनार बरा तुमच्यापेक्षा." मनात बरं वाटलं.

७ नोव्हेंबर

आज धावपळ. बटणच्या डोक्यावर मधोमध टक्कल दिसलं. त्वचेचा रोग म्हणून मी लेकीला फोन लावला, ती वर्गातून बाहेर आली. म्हणे, वयात आलेल्या नराला ते असतंच, तिथे वासाची ग्रंथी असते. "बाबा, एवढ्यासाठी फोन?"

ही शेजारून म्हणाली, "तुमचंही त्या ग्रंथीमुळेच गेलं असणार." स्वतःच्याच विनोदावर हसून पुन्हा खोकली. गारठा सुरू झाला की हिचा घसा धरतोच. माझी झोप मोडते म्हणून हल्ली शिवणाच्या खोलीत झोपते.

बटण ११९. टाचणी ९७.

१५ नोव्हेंबर

लाँड्रीवाल्याचा मोठा काटा दुरुस्त झाला, ज्यावर पाय ठेवून माणूसही उभा राहतो तो. नियमाप्रमाणे वीस-वीस किलोची प्रमाण वजनं चढवून तपासायला हवा. पण ती वजनं जिन्याखाली, आणि माझा गुडघा ती उचलू देत नाही. म्हणून या दोन-तीन वर्षांत मी युक्ती काढली आहे: हिला उभं करायचं. ही अठ्ठावन्न किलो. लग्नानंतर लेक झाली तेव्हाचे महिने सोडले तर अठ्ठावन्नच. माझं चालतंबोलतं माप.

आज काट्याने एक्कावन्न दाखवले. पुन्हा उभी केली. एक्कावन्न.

"सात किलो खातोय लेकाचा," मी म्हटलं.

ही पायाकडे बघत म्हणाली, "काट्यातच दोष असेल."

स्क्रू फिरवत नेला, अठ्ठावन्नावर आणून ठेवला. संध्याकाळी लाँड्रीवाला घेऊन गेला.

बटण १२०. टाचणी ९५.

२८ नोव्हेंबर

जनावरांना माझा लळा लागला आहे. मी शीळ घातली की दोघं पिंजऱ्याच्या जाळीला येतात. लेकीने सांगितलेलं खाणं म्हणजे उकडलेलं अंडं, भाजी, थोडं फळ आणि त्यावर एक पांढरी पूड. पूड टाकली की हे तोंड फिरवतात. द्राक्षं आणि सूर्यफुलाच्या बिया मात्र हातातून ओढून घेतात. दोन आठवडे झाले, पूड बंदच केली. आजोळी आलेल्या पोरांना कुणी औषध पाजतं का?

ही म्हणाली, "तिने लिहून दिलंय ते करावं माणसाने." मी म्हटलं, "तू आधी स्वतः नीट जेव." हिचं हल्ली हे असं: मी वर येईपर्यंत "माझं झालं" म्हणून ताट धुतलेलं असतं. कोरडं काही घशाखाली जात नाही म्हणते. या दोघांसाठी अंडं, फळ, मध एकत्र घोटून पातळ करते ना, त्यातलंच वाटीभर स्वतःला घेते. तिघांचं एकच ताट! मी चेष्टा केली, म्हटलं तुलाही आता पडदा फुटेल.

बटण १२१. टाचणी ९२.

९ डिसेंबर

टाचणी मागचे पाय ओढत चालते आहे. काल वाटलं झोपेत आहे. आज जाळीवर चढताना निसटून खाली पडली आणि पडली तिथेच राहिली.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे दोघं गेलो. बाई तरुण आहेत, बोलणं तोडून टाकल्यासारखं. खायला काय देता विचारलं. मी सगळं सांगितलं. पुडीचंही.

"म्हणजे कॅल्शियमच बंद केलंत," बाई म्हणाल्या. "शरीराने मग ते हाडांतून काढून घेतलं. फळं आणि बिया म्हणजे लाड, जेवण नव्हे."

इंजेक्शन दिलं. उथळ खोक्यात मऊ कापडावर ठेवा, चढू देऊ नका, पूड रोज, पाणी ड्रॉपरने. पाणी कमी पडलंय का ते ओळखायला खांद्यावरची कातडी चिमटीत उचलून सोडायची. लगेच खाली बसली तर ठीक, तंबूसारखी उभी राहिली तर पाणी कमी. डोळे खोल गेलेत का, हिरड्या कोरड्या आहेत का, तेही बघायचं.

मी विचारलं, आधी कसं कळलं नाही. बाई म्हणाल्या, "हे आजार लपवतात. रानात जो आजारी दिसतो तो आधी खाल्ला जातो. तुम्हाला दिसायला लागतं तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून तर रोज वजन."

वजन मी रोज केलं होतं. चार ग्रॅम उतरलं तेव्हा लिहूनही ठेवलं होतं. नुसतंच लिहिलं.

निघताना बाई हिला म्हणाल्या, "तुम्ही जरा बसा ना. तब्येत बरी आहे ना तुमची?" ही म्हणाली, "जिना चढून आले ना." एकच तर जिना. पण विचारपूस करतात, म्हणजे बाई दिसतात तेवढ्या तुसड्या नसाव्यात.

बटण ११९. टाचणी ८५.

१० डिसेंबर

टाचणीची कातडी उभी राहते. ड्रॉपरने पाणी पाजलं, तासाने पुन्हा. हिला समजावून सांगताना हिच्याच हाताची कातडी चिमटीत धरून दाखवली. सोडली तर तशीच उभी! मी म्हटलं, "अगं, तुलाही ड्रॉपर लावू का?" हिने हात काढून घेतला. म्हातारपणी कातडी सैल पडतेच. अंगठीही सैल झाली आहे, आतून दोरा गुंडाळून घातली आहे. शिवणकामवालीला उपाय दोऱ्यातच सुचणार.

टाचणी ८३.

१४ डिसेंबर

टाचणी पहाटे गेली. ८१.

मी मारली तिला. लाडाने मारली, पण मारली हे खरं.

१५ डिसेंबर

लेकीला फोन करायला उचलला होता. हिने हातातून घेतला.

"आत्ता सांगू नका. ती सगळं टाकून निघून येईल. चार मार्चला येतेच आहे, तेव्हा सांगू."

"मला जमणार नाही गं."

"माहितीये. तुमच्या पोटात काही राहत नाही. एवढं एक ठेवून बघा."

संध्याकाळी लेकीचाच फोन आला. मी "मजेत आहेत" म्हणालो. फोन ठेवल्यावर घाम आला होता. ही म्हणाली, "बघा, जमलं तुम्हाला." आणि माझ्याकडे बघत राहिली, किती तरी वेळ. जणू काही मी परीक्षा पास झालो.

१९ डिसेंबर

बटण पिशवीच्या बाहेर येत नाही. टाचणी जिथे बसायची तिथे नाक लावून बसतो आणि आपलंच शेपूट कुरतडतो. शेपटाच्या टोकाला रक्त होतं. बाईंकडे नेला.

"जोडीने राहणारा प्राणी आहे," बाई म्हणाल्या. "एकटा पडला की स्वतःला खातो. दुसरा मिळाला तर उत्तम, मी चौकशी करते. तोवर तुम्हीच जोडीदार."

गळ्यात कॉलर घातली, म्हणजे तोंड शेपटापर्यंत पोचणार नाही. वेदना कमी करायचं औषध दिलं. आता दिवसभर पिशवी गळ्यात अडकवून कोटाच्या आत घेऊन काम करतो. छातीशी ऊब लागते. त्याच्याशी बोलतो. लोक म्हणतील म्हातारा चळला.

कॉलरचे तीन ग्रॅम. धडा नवा केला, एक्केचाळीसचा. असल्या बारीकसारीक गोष्टीत मी चुकत नाही.

बटण ११५.

३१ डिसेंबर

बटण ११२. बाईंना फोन केला. म्हणाल्या, रोज पारड्यात ठेवल्याने बिचकतो आहे, आता दोन आठवडे थांबा, मग आठवड्यातून एकदाच वजन करा, पण ते विसरू नका. दहाने उतरलं तर तडक घेऊन या.

एकदा टाचणीच्या वेळी चुकलो. याला चार मार्चपर्यंत पोचवायचाच. निदान एक तरी लेकीच्या हातात जिवंत द्यायचा.

८ जानेवारी

कडाक्याची थंडी. ही दर बुधवारी धागे-बटणं आणायला बाजारात जाते, अडीच-तीन तास मोडते आणि एक रीळ घेऊन येते. काय करते एवढा वेळ कोण जाणे, गप्पांत रमत असेल. आज मात्र रजईत घालतात तो कापसाचा थर घेऊन आली, चांगला दोन मीटर.

"एवढ्याशा पिशवीला एवढा?"

"लागेल." मग म्हणाली, "त्याला गार लागतं. पिशवीला आतून दुहेरी अस्तर घालते. वरचं कापड तेच ठेवते, नाहीतर टाचणीचा वास जायचा."

डोकं चालतं हिचं. अर्ध्या तासात शिवली, बाहेरून बघाल तर तीच जुनी पिशवी. मग मशीन बरीच उशिरापर्यंत चालू होती. स्वतःलाही काही शिवत होती म्हणे, आतून घालायचं.

१४ जानेवारी

बटण ११४! दोन ग्रॅम चढला. हिला ओरडून सांगितलं. अस्तर लागू पडलं. बाईंकडे जायची गरज नाही.

हीसुद्धा सुधारली आहे. गेले काही दिवस अंगाने भरली आहे, खांदे कसे गोल दिसतात. वर दोन स्वेटर, त्यामुळे आणखीच. मी म्हटलं, "बाळसं धरलंस की." म्हणाली, "इश्श." किती वर्षांनी इश्श ऐकलं.

१७ जानेवारी

औषधवाल्याकडे वजनकाटा पोचवायला गेलो होतो. म्हणाला, "वहिनींचं औषध आलंय, नेता का?" कागदात गुंडाळून पिन मारलेली चांगली मोठी बाटली. मी दुसऱ्याची पाकिटं उघडत नाही. घरी आल्यावर हिला म्हटलं, बटणला एवढं औषध? म्हणाली, "माझं आहे. घशासाठी." आवाज बसलाच आहे हिचा. मध घे म्हटलं.

२० जानेवारी

लाँड्रीवाला काटा परत घेऊन आला, तणतणत.

"तुम्ही हात लावल्यापासून जास्त दाखवतोय हा. वीस किलोच्या चादरी तेवीस भरतात. गिऱ्हाइकं मला चोर म्हणायला लागली."

"माझा हात फिरलेला काटा चुकत नाही," मी म्हटलं. "चादरी ओल्या असतील."

"ओल्या? काका, लाँड्री चालवतो मी."

काटा कोपऱ्यात ढकलून गेला. आता बघत नाही, डोकं ठिकाणावर आलं की बघीन. ही जिन्यात उभी राहून ऐकत होती. मी वर गेलो तर रडली होती. माझा अपमान झाल्याचं हिलाच जास्त लागतं.

२१ जानेवारी

बटण ११३. स्थिर आहे. पण झोपतो फार. रात्री पिंजऱ्यातल्या चाकावर धावत नाही, हातातलं अंडं हुंगून सोडून देतो. आकडा बरा आहे म्हणजे काळजी नाही.

२४ जानेवारी

सकाळी पिशवीत हात घातला तर बटण गार. मेला असं वाटलं. छातीशी धरल्यावर जरा वळवळला. बाईंकडे पळालो, ही मागे राहिली, म्हणाली तुम्ही पुढे व्हा.

बाईंनी कॉलर काढली, उघडाच काट्यावर ठेवला. शहाऐंशी.

"तुमचा काटा बिघडलाय," मी म्हटलं. "परवा माझ्याकडे एकशे तेरा भरला."

"याच्या पाठीवर हात फिरवा, काका. हाडं लागतात. महिनाभर खात नसणार हा."

"नाचता येईना अंगण वाकडं," असं मी त्यांच्या तोंडावर म्हणालो. बाईंनी सलाईनची सुई काढली. कातडीखाली पाणी भरलं, गरम पिशवीत ठेवला, रात्रभर तिथेच राहू द्या म्हणाल्या.

२५ जानेवारी

सकाळी माझा प्रमाण वजनांचा डबा घेऊन दवाखान्यात गेलो. बाईंचा काटा माझ्या हाताने तपासला. पन्नास ग्रॅमला पन्नास, शंभराला शंभर. एक केसभरही फरक नाही.

घरी आलो. रिकामी पिशवी पारड्यात टाकली, दुसऱ्यात अडतीसचा शिशाचा तुकडा. पिशवी धाडकन खाली गेली. वजनं टाकत गेलो. एकसष्ट भरली. तेवीस ग्रॅम अस्तर.

वही उघडली. आठ जानेवारीला माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: आतून दुहेरी अस्तर, बाहेरून तीच पिशवी. मी लिहिलं, कौतुक केलं आणि धडा बदलला नाही. कॉलरचे तीन ग्रॅम मोजले, पिशवीचे तेवीस सोडले. आमच्या धंद्यात नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतात, भांडं बदललं की धडा बदल. मी 'चढला, चढला' म्हणून नाचत होतो तेव्हा तो एक्क्याण्णव होता.

हिला सांगितलं. मला वाटलं समजूत घालेल. ती म्हणाली, "चूक माझी. मी अस्तर घातलं."

"तू घातलंस. वजन मी केलं."

२७ जानेवारी

बटणला काल संध्याकाळी घरी आणलं होतं. बाई म्हणाल्या, आता घरच्या वासात राहू दे. आज दुपारी हिच्या मांडीवर गेला. आधी दोनदा जांभई दिली, मग पाय ताणले.

ही इतकी रडली की मला माझं रडणं आवरावं लागलं. आवाज नव्हताच, नुसता श्वास. "लेकीला काय सांगायचं," एवढंच मी म्हणत होतो. ही म्हणाली, "सगळं एकदमच सांगा."

वजन केलं नाही.

२८ जानेवारी

बटणला मागच्या अंगणात टाचणीशेजारी पुरायचं होतं. त्याला गार लागायचं, म्हणून त्या कापसात गुंडाळावा असं मनात आलं. ही झोपली होती. शिवणाच्या खोलीतलं कपाट उघडलं. पिशवीला लागून लागून किती लागला असेल, वीतभर. दोन मीटर आणला होता. कपाटात रुमालाएवढा तुकडा उरला होता.

मी तो तुकडा हातात घेऊन तिथेच उभा राहिलो. ही जागी झाली, तिने तुकडा बघितला.

"बाकीचा कुठे गेला गं?"

ती उठून बसली. वरचा स्वेटर काढला, मग आतला. त्याच्या आत बंडी होती, शिवलेली, चौकटी-चौकटीत टाके घातलेली, खांद्याला जाड, छातीला जाड, दंडाला जाड. सुबक काम. बटणं मी सोडवली, तिच्या बोटांत जोर नव्हता.

बंडी निघाली तेव्हा आत माझी बायको जेमतेम निम्मी होती.

मी खाली बसलो. ती हळूहळू बोलली, मधेमधे पाणी घेत, घोट-घोट. अन्ननलिकेत गाठ आहे. ऑक्टोबरच्या शेवटी कळलं. कापण्यासारखी नाही. बुधवारी बाजारात नाही, इस्पितळात जात होती. पोटात नळी घालायची आहे, म्हणजे थोडं खाणं तरी जाईल. ती चार मार्चनंतर घालू म्हणून तिने पुढे ढकलली होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रडला असता, आणि मग फोन केला असता. याच क्रमाने." मग म्हणाली, "पोरीची नोकरी गेली असती हो. माझ्यासाठी दोघींचं कशाला जायचं?"

"आणि मी?"

तिने माझ्या टकलावरून हात फिरवला. हात काडीसारखा, आणि अंगठीत तो दोरा.

ती झोपल्यावर ही वही पहिल्यापासून वाचली. माझ्या वहीत सगळं आहे. खोकला आहे, ताट आहे, दोरा आहे, हाताची कातडी उभी राहिली ते आहे, बाटली आहे, बुधवार आहेत. पंधरा नोव्हेंबर आहे. एक्कावन्न. काटा बरोबर सांगत होता. मी दोनदा विचारलं, त्याने दोनदा तेच सांगितलं, आणि मी स्क्रू फिरवून त्याला खोटं बोलायला लावलं.

२९ जानेवारी

आज बुधवार. दहाला निघायचं आहे, दोघांनी. नळी आता पुढे ढकलायची नाही, हे तिने मान्य केलं. संध्याकाळी लेकीला फोन करणार आहे. हिला सांगून करणार आहे. "चालेल" म्हणाली, फक्त फोनवर आधी मी बोलेन म्हणाली.

निघायच्या आधी जिन्याखालून प्रमाण वजनं काढली. वीस किलोचं एक, मग दुसरं. गुडघ्याने काय म्हणायचं ते म्हटलं. लाँड्रीवाल्याचा काटा मधे ओढला, चाळीस किलो चढवले. पंचेचाळीसच्याही पुढे दाखवत होता. स्क्रू उलटा फिरवत आणला, चाळीसवर. वजनं उतरवली, चढवली, पुन्हा बघितलं. चाळीस.

मग तिला धरून खाली आणलं. स्वेटर काढून खुर्चीवर ठेवले. चपला काढल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवायला लागली तर मी बाजूला झालो, नाहीतर वजन चुकतं. एकटीच उभी राहिली, पायाकडे बघत.

"किती?" तिने विचारलं.

ही: ३८ किलो ६००. सकाळी साडेनऊ, पाणी घेतल्यानंतर, कपडे वजा करून.

काट्यात दोष नाही.